पोलीस चौकी सगळ्यांनाच हवी, पण जागा कुठली? माझा अनुभव

चौकी हवी यावर आमच्याकडे कोणाचंच दुमत नव्हतं, भांडण सगळं जागेवरून. बाजाराचा कोपरा, मैदानाची कड आणि वाचनालयामागचा रिकामा प्लॉट अशा तीन जागा. दुकानदारांना बाजारातच पाहिजे, पालक मैदानातला एक फूटही सोडायला तयार नाहीत, आणि वाचनालयाकडचे म्हणतात रात्री-अपरात्री गाड्यांचा आवाज, वर जप्त केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं आमच्या दारात गंजत पडणार. त्यांची भीती मला रास्तच वाटते.

पहिल्या मीटिंगमध्ये नुसती आरडाओरड झाली. मग हरकती-सूचनांच्या मुदतीत मी लेखी अर्ज दिला, त्यात जागेबद्दल अवाक्षर नाही, फक्त प्रश्न. चौकीत कोण बसणार, किती तास, तक्रार तिथेच घेणार की मुख्य ठाण्यात पिटाळणार, जप्त गाड्या कुठे ठेवणार. कारण साधा हिशोब बघा, आठवड्याचे तास 168 आणि एक माणूस ड्युटी करणार 40 ते 48 तास, म्हणजे सुट्ट्या आजारपणं धरून एकच खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तरी चार-पाच माणसं लागतात, आणि रात्री एकट्याला बसवायचं नसेल तर दुप्पट. तेवढी माणसं मिळणार नसतील तर रात्री दाराला कुलूप, मग चौकी बाजारात असो नाहीतर मैदानात.

चौकी झाली की चोऱ्या आपोआप थांबतील असंही बरेच जण म्हणत होते. मी त्यांना अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा 1972-73 चा प्रयोग सांगितला, तिथे काही भागांत गाडीतली गस्त दुप्पट-तिप्पट केली, काही भागांत नेहमीची गस्त बंदच ठेवली, तरी गुन्ह्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. जपानमधल्या कोबान म्हणजे छोट्या चौक्यांतले पोलीस मात्र पायी फिरतात, घरोघरी जातात, आणि सिंगापूरने 1983 पासून त्याच धर्तीवर वस्त्यांत चौक्या उघडल्या. मला हवी होती ती अशी चौकी, नुसती पाटी लावलेली खोली नको.

पण चर्चा खरी फिरवली ती मागे बसलेल्या एका ताईंनी. त्या म्हणाल्या, नवरा मारतो म्हणून तक्रार द्यायला जाणारी बाई भर बाजारातून ओळखीच्या लोकांसमोरून चौकीची पायरी चढेल का? कोणाकडेच उत्तर नव्हतं. लगेच दुसऱ्या काकू म्हणाल्या, मग अगदी आडबाजूलाही नको, रात्री घाबरून पळत येणाऱ्या मुलीला लांबून दिवा दिसला पाहिजे. दोघींचं बरोबर होतं, आणि मला विचाराल तर जागा ठरवायला याहून चांगली कसोटी नाही. म्हणजे दार रस्त्यावरून दिसायला हवं, पण आत कोण बसलंय ते दिसायला नको.

मग आम्ही काहीजण अधिकाऱ्यांना घेऊन अंधार पडल्यावर तिन्ही जागा चालत फिरलो. दिवे कुठे आहेत, व्हीलचेअर आत जाईल का, गाडी वळेल का, सगळं तिथेच बघून घेतलं.

शेवटी वाचनालयामागचा प्लॉट ठरला, दार मोठ्या रस्त्याच्या बाजूला आणि तक्रारीसाठी वेगळी बंद खोली. जप्त गाड्या तिथे ठेवायच्या नाहीत हे मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून घेतलं, नुसत्या तोंडी शब्दावर सोडलं नाही. शेजारच्या काही घरांचा विरोध अजून आहे, तोही त्यांच्याच शब्दांत नोंदवायला लावला. रात्रीच्या ड्युटीला किती माणसं देणार याचं लेखी उत्तर मात्र अजून आलेलं नाही, म्हणून मी माझा अर्ज मागे घेतलेला नाही.