झिजेची जागा चुकते

2022 च्या मे महिन्यात बालेन्सियागा या महागड्या फॅशन कंपनीनं फाटके, मळके, कडा विसकटलेले कापडी बूट बाजारात आणले. सगळ्यात जास्त फाडलेले 100 जोड, दर 1,850 डॉलर. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, त्याची चेष्टा होणारच. पण अशी विकतची झीज एकदा जवळून बघावी.

पायताण ठरलेल्या जागी झिजतं. आधी टाचेचा मागचा, बाहेरचा कोपरा जातो, कारण बहुतेकांचं पाऊल तिथंच आधी टेकतं. मग अंगठ्याखाली खळगा पडतो, आणि चपलेचा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची पट्टी, तळात शिरतो तिथं, अगदी मुळाशी, सैल होतो. डावं-उजवं कधी सारखं झिजत नाही. कारखान्यात फाडलेल्या मालाचं उलटं असतं: वर लक्तरं आणि खाली टाच कोरी करकरीत.

जीन्सचीही तीच गत. मांडीवर पॉलिशपेपर घासतात, पोटॅशियम परमँगनेट फवारून निळा रंग उडवतात. त्याचा असर नंतर मेटाबायसल्फाइट या रसायनाच्या पाण्यात नीट मारला नाही तर पिवळट-तपकिरी डाग राहतात आणि लॉट परत येतो. डेनिमचा ताणा निळा, बाणा पांढरा. म्हणून गुडघ्याला उभे धागे कापून आडवे तेवढे लोंबत ठेवतात. आधी हेच काम वाळूच्या फवाऱ्यानं चालायचं. वाळूतली सिलिका छातीत बसून तुर्कस्तानात तरणी पोरं सिलिकोसिसनं गेली, तेव्हा 2009 मध्ये तिथं डेनिमवरचा वाळूचा फवारा बंद झाला. कशासाठी, तर नवी पँट जुनी दिसावी!

प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीचं प्रकरण जरा वेगळं. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, त्या नुसत्या 'लेदर सँडल' म्हणून. ओरड झाल्यावर मूळ कुठलं ते कबूल केलं. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं; महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण मानांकन चपलेचं नाव राखतं, दिसणं नाही. नाव न घेता घाट उचलला की कायद्याचा हात तोकडा पडतो.

आणि घाट उचलणं सोपंच. वेणी, बाजूचे कान, गोंडा फोटोवरूनही जमतो. खरं काम तळात असतं: बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीची शिलाई, खिळा नाही. घेताना कड बघा. साल-हिरड्याचं चामडं आरपार तपकिरी दिसतं. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं बहुतेकदा मधोमध निळसर-राखाडी, वरून रंग दिला तरी. थरांत पुठ्ठा घातला असेल तर पहिल्याच पावसात तळ फुगतो.

खरी कोल्हापुरीही भिजवू नयेच. भिजली तर उन्हात टाकू नका, तडकते; सावलीत वाळवून तेलाचा हात फिरवा. टाच झिजली तर तेवढाच थर बदलून घ्या, अख्खा जोड टाकायची गरज नाही.