वर्तुळाचा चेंडू होताना

संगणकावर वर्तुळ काढायला काहीच लागत नाही. शिफ्टची कळ दाबून धरायची, पेन तिरकं ओढायचं, झालं. कागदावर असं निर्दोष वर्तुळ नुसत्या हाताने काढायला जन्म जातो. पण हे फुकटात मिळालेलं वर्तुळ म्हणजे चकती असते, चेंडू नव्हे. चेंडू व्हायला त्याला एक काळी बाजू लागते आणि ती कुठलीही कळ दाबून मिळत नाही. (खरं तर मिळते. त्रिमितीच्या सॉफ्टवेअरला गोळा मागितला की तो छायाप्रकाशासकट हजर होतो. पण मग ते चित्र काढणं राहत नाही, गोळा मागवणं होतं.)

अशा वेळी बहुतेकांचा हात मऊ एअरब्रशकडे, म्हणजे फवाऱ्यासारखा पुसट कडेचा रंग देणाऱ्या ब्रशकडे जातो. रंग जरा गडद करायचा आणि कडेकडेने फिरवत राहायचा. भोवताली काळोख, मधोमध उजेड. पहिल्या नजरेला काहीतरी फुगल्यासारखं दिसतंही. पिक्सेल आर्टवाले, म्हणजे एकेक ठिपका मांडून चित्र काढणारे, याला ‘पिलो शेडिंग’ (उशीसारखी छाया) म्हणतात, आणि हे नाव ते प्रेमाने घेत नाहीत. असल्या चित्रात दिवा कुठे आहे, असं विचारलं तर एकच उत्तर निघतं: बघणाऱ्याच्या कपाळाला बांधलेला. एअरब्रशवर माझा राग आहे तो यासाठी. तो खुशामतखोर आहे. दिवा कुठे ठेवायचा हे ठरवायचंच टाळलं, तरी तो चित्र गोजिरं करून देतो आणि आपल्याला वाटतं, जमलं.

दिवा एकदा डावीकडे वर ठेवला, की पुढचं बरंचसं तोच सांगतो. गणितज्ञ योहान हाइनरिश लाम्बेर्ट यांनी १७६० साली हे गणित मांडलं. मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या पृष्ठभागाची एखादी जागा दिव्याकडे किती तोंड करून आहे, यावर तिचा उजळपणा ठरतो. तोंड जसजसं वळतं तसतसा उजेड कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात कमी होतो. गणित ऐकून पेन खाली ठेवायचं कारण नाही, कारण हा कोसाइन मोठा चित्रमय प्राणी आहे. सुरुवातीला तो रेंगाळतो. जागा ३० अंश वळली तरी ८७ टक्के उजेड शिल्लकच असतो. ६० अंशांना निम्मा होतो आणि उरलेल्या ३० अंशांत थेट शून्यावर घसरतो. त्यात पडद्याची स्वतःची भर असते. ० ते २५५ या पट्टीवर निम्मा उजेड म्हणजे १२८ असं आपण धरून चालतो, पण तो येतो साधारण १८८ वर, कारण ती पट्टी प्रकाशाच्या मापाने नव्हे, डोळ्याच्या मापाने आखलेली आहे. म्हणजे उजेडाचा मुलूख चांगला ऐसपैस, आणि सीमेजवळ आल्यावर अंधाराची एकदम घाई. ग्रेडियंट टूलने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा उतरता रंग ओतला की चेंडू धुरकट का दिसतो, ते यात आहे.

चकाकीचं प्रकरण वेगळं. ती दिव्याबरोबरच बघणाऱ्याचीही असते. चकचकीत गोळ्याकडे बघत डोकं डावीउजवीकडे हलवा: पांढरा ठिपका गोळ्यावरून सरकतो, पण सावलीची सीमा जागची हलत नाही. बुई तुओंग फोंग यांनी १९७५ साली संगणकासाठी चकाकीची रीत मांडली, तीही डोळ्याची जागा हिशेबात धरूनच. हातात पांढरा रंग आला की लोक तो ठिपका सर्वांत आधी देतात. मी म्हणेन, सर्वांत शेवटी द्या, आणि कापसाच्या गोळ्याला तर देऊच नका.

खरी मजा सीमेपलीकडे आहे. गोळ्याचा सर्वांत गडद पट्टा कडेला नसतो; उजेड संपल्याबरोबर, थोडा आत असतो. त्याच्यापुढे कडेकडे जाताना अंधार पुन्हा जरा निवळतो, कारण खालच्या पृष्ठभागावर पडलेला उजेड उसळी घेऊन गोळ्याच्या पोटाला लागतो. हा परावर्तित प्रकाश एकदा दिसायला लागला की माणूस त्याच्या प्रेमातच पडतो आणि तो वाजवीपेक्षा उजळ करून ठेवतो. डोळाही त्याला साथ देतो. गडद पट्ट्याशेजारचा करडा रंग जवळजवळ पांढरा वाटतो. एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांचं १९९५चं चौकटींचं दृष्टिभ्रमाचं चित्र पुष्कळांनी पाहिलं असेल: एका चौकटीवर दंडगोलाची सावली, दुसरी उघड्या उजेडात, एक फिकट दिसते तर एक गडद, आणि दोन्हींचा करडा मात्र तोच. डिजिटल चित्रकाराकडे निदान आयड्रॉपर, म्हणजे चित्रातला रंग टिपून त्याचा आकडा सांगणारं साधन आहे. तो टेकवायचा आणि आकडा वाचायचा. सावलीतली सर्वांत उजळ जागासुद्धा उजेडातल्या सर्वांत गडद जागेहून गडदच हवी. तसं नसेल तर गोळ्याला दुसरा दिवा लागला म्हणून समजा.

हाच परावर्तित प्रकाश आकाशातही दिसतो. चंद्राची बारीक कोर असते तेव्हा उरलेली काळी चकती अंधूक उजळलेली असते. तो पृथ्वीवरून उसळलेला सूर्यप्रकाश आहे, हे लिओनार्दो दा विंची यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं. माणूस चित्रकार होता, गोळ्याच्या पोटाखालचा उजेड त्याच्या ओळखीचा असणारच. पण चंद्र हा शेडिंगचा आदर्श विद्यार्थी नाही. पौर्णिमेचा चंद्र लाम्बेर्टच्या हिशेबाने कडेला मंदावायला हवा. तो मात्र चकतीसारखा सपाट उजळलेला असतो, कारण त्याची खडबडीत धूळ आलेला प्रकाश बराचसा आल्या दिशेनेच परत पाठवते. तेव्हा पूर्णचंद्राला कडेने काळा एअरब्रश फिरवून ‘गोल’ करणाऱ्यांनी एकदा वर बघावं.

पडछायेशिवाय, म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या सावलीशिवाय, चेंडू तरंगतो. तिच्यासाठी ‘ड्रॉप शॅडो’ नावाची तयार सोय असते: मूळ आकाराचीच काळी नक्कल मागे सरकवून, थोडी पुसट करून देते. कागदाच्या कपट्याला ती शोभते, गोळ्याला नाही. सपाट जमिनीवर उन्हातल्या गोळ्याची सावली लंबवर्तुळाकार पडते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर तिची लांबी गोळ्याच्या व्यासाच्या बरोबर दुप्पट. आणि या सावलीची कड म्हणजे गोळ्याच्या अंगावरच्या उजेड-अंधाराच्या सीमेचीच सावली असते. मला हे फार सुंदर वाटतं. दोन वेगळ्या सावल्या काढायच्याच नसतात. एक अंगावर आखली की दुसरी जमिनीवर आपसूक ठरते.

तिची कडही सगळीकडे सारखी मऊ ठेवून चालत नाही. सूर्याची चकती आपल्याला साधारण अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे सावली टाकणारी कड जितकी दूर तितकी सावलीची रेघ पसरते. एक मीटर अंतराला सुमारे ९ मिलिमीटर. म्हणून गोळा टेकलेल्या जागेजवळ ती धारदार, लांब जाताना पुसट. टेकलेल्या जागी तर जवळजवळ काळी चीर असते, तिथे कुठूनच उजेड पोचत नाही. दुसऱ्या एखाद्या वस्तूची सावली गोळ्यावर पडत असेल तर ती त्याच्या अंगाबरोबर वळलीच पाहिजे. सरळ काठीची सावली चेंडूवर सरळ काढली की चेंडू पुन्हा चकती झालाच.

काळ्या रंगाबद्दल फार बोलत नाही. मल्टिप्लायच्या लेयरवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या थरावर, निव्वळ काळा फासला की रंग मळतो. उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा निळा असतो, बंद जागेत आजूबाजूच्या वस्तूंचा रंग असतो, तो उचलावा.

दिवा वरच का ठेवतात, हे बघायचं असेल तर कॅनव्हास उलटा फिरवा. फुगीर टेंगळं खळगे होतात. प्रकाश वरूनच येणार असं मेंदू धरून चालतो, आणि मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली छायांकित वर्तुळं दाखवून ते पटवून दिलं होतं.

मऊपणाचा आग्रह सोडण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र कार्टूनमध्ये सापडतं. तिथे सेल शेडिंगमध्ये रंग दोनच, उजेडाचा एक आणि सावलीचा एक, आणि मधे करकरीत रेघ. एअरब्रशचा पत्ता नाही, कोसाइन नाही, परावर्तित प्रकाश नाही, तरी डोकं गोल दिसतं, गाल गुबगुबीत दिसतो, कारण ती एक रेघ दिव्याच्या हिशेबाने वळलेली असते. हल्ली मीही आधी तेवढी रेघच काढतो, वेगळ्या लेयरवर. ती बरोबर वळेपर्यंत मऊ ब्रशला हात लावत नाही, आणि बरोबर वळली की पुष्कळदा त्याची गरजच उरत नाही.