असईची पाच घरं

सोमवार, रात्र

आज पहिल्या घराच्या चारही भिंती उभ्या राहिल्या. भिंतीची जाडी चौदा मिलिमीटर. या एका आकड्यासाठी माझे दोन आठवडे गेले, म्हणून आधी तोच लिहून ठेवते.

आमच्या क्लबात टेबलावर छोटे शिपाई मांडून जुन्या लढाया खेळतात. शिपाई २८ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण १:५६ प्रमाण. सगळे जण घरं बांधायला ५ मिलिमीटर जाडीचा फोमबोर्ड घेतात. त्याला ५६ ने गुणलं की २८ सेंटिमीटर होतात. विटांच्या भिंतीला ते पुरेसं आहे. बेल्जियममधला शेतवाडा त्यात छान उतरतो. मीही आधीचं एक घर त्याच बोर्डाचं केलं होतं. रंगवून टेबलावर ठेवलं आणि आठवडाभर येता-जाता बघत राहिले. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, काय चुकतंय ते कळत नव्हतं. मग एका रात्री आजोळची खिडकी आठवली. सिल्लोडकडच्या त्या घरात खिडकीच्या खळग्यात मी मांडी घालून बसायचे, हातात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. मांडी घालून पोर बसेल एवढी ती भिंत जाड होती! अडीच फूट तरी नक्की. म्हणजे ७६ सेंटिमीटर, आणि त्याला ५६ ने भागलं की जवळजवळ चौदा मिलिमीटर.

आता १० मिलिमीटरचा दाट फोम आत आणि त्यावर दोन्ही अंगांनी हवेत वाळणारी माती थापते. खाली किंचित रुंद, वर किंचित निमुळती. हाताने थापल्यामुळे भिंत कुठेच सरळ येत नाही, आणि ती तशी न येणंच बरोबर आहे. कोपरे अंगठ्याने गोल केले. पावसाने झिजलेल्या मातीच्या भिंतीचा कोपरा कधी टोकदार राहत नाही.

मंगळवार

काल कशासाठी बांधतेय तेच लिहायचं राहिलं.

पुढच्या शनिवारी क्लबात असईची लढाई मांडायची आहे. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहायला आले तेव्हा हे शहर म्हणजे या छंदाचं माहेरघर आहे, याची मला कल्पना नव्हती. असे खेळ आणि शिपाई करणाऱ्या कंपन्या, गेम्स वर्कशॉप आणि वॉरलॉर्ड गेम्स, इथल्याच, पेरी बंधूंचे शिपाई इथेच ओतले जातात. अशा गावात राहून मला असईसाठी शिपाई मिळाले, तोफा मिळाल्या, बैलसुद्धा मिळाले. घरं मिळाली नाहीत.

'हिंदुस्थानी घर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वायव्य सरहद्दीकडचं असतं, किंवा मग थेट कमानी आणि घुमट. सपाट छप्पर दिसलं की झालं, असा हिशेब. पण असई जालना जिल्ह्यातलं गाव. तिथलं सपाट छप्पर म्हणजे माळवद, आणि माळवदाची आपली एक शिस्त आहे. खाली लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर म्हणजे आडवी लाकडं, सरांवर किलचांची, म्हणजे चिरलेल्या बारीक लाकडांची दाटी, त्यावर पाला-पाचट आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ती पाणी खाली जिरू देत नाही. भिंतीबाहेर लाकडी पन्हळ काढलेला. मधोमध धूर जायला आणि उजेड यायला सवणं. हे सगळं वरून दिसत नाही हे खरं, पण वरून दिसतं ते यातूनच येतं. छप्पर जरासं लवतं ते तुळईमुळे. कडेला माती कुठे थोडी ढासळलेली असते ती किलच कुजल्यामुळे.

टेबलावरची लढाई हा तसा जुना प्रकार आहे. १८१२ मध्ये रायस्वित्झ नावाच्या माणसाने प्रशियाच्या राजाला एक टेबलच करून दिलं होतं, प्लॅस्टरच्या चौकोनी तुकड्यांवर जमीन, नद्या, गावं उठवलेलं. तुकडे हवे तसे जुळवायचे आणि लढाई मांडायची. तेव्हापासून जमीन करणारा माणूस आणि फौज हलवणारा माणूस असे दोघं या छंदात आहेत. मी पहिल्या जातीची. फासे टाकायला मला आवडतं, पण हात खरा रमतो तो मातीत.

बुधवार

दाराचा प्रश्न.

आजोळच्या दारातून मोठी माणसं वाकून आत यायची. पाच फुटांचं दार प्रमाणात धरलं तर २७ मिलिमीटर होतं. आमचा शिपाई डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर, वर टोपी आणि खाली पायाची चकती. म्हणजे त्याला दारातून आत जाताच येणार नाही. क्लबातले जाणते लोक दार मुद्दाम ३५-३८ मिलिमीटरचं करतात, म्हणजे शेजारी शिपाई उभा केला तरी डोळ्यांना खटकत नाही. मी दोन्ही करून पाहिलं. ३५ चं दार लावल्याबरोबर घर तालुक्याच्या कचेरीसारखं दिसायला लागलं. शेवटी २७ च ठेवलं. आत जायचं तर वाकावं लागेल.

एक तडजोड मात्र पत्करली. शिपाई १:५६ चे असले तरी जमीन त्या प्रमाणात नसते. तशी धरली तर असईजवळच्या केळणा नदी ते जुई नदी एवढं अंतर मांडायला एखादं मैदान भाड्याने घ्यावं लागेल. म्हणून टेबलावरचं एक घर म्हणजे खरं तर एक आळी, आणि पाच घरं म्हणजे अख्खं गाव. पाच घरं, मातीचं गावकूस, एक वेस. असईला मातीची तटबंदी होती हे इंग्रजी वर्णनांत येतं, म्हणून गावकुसावर जास्त वेळ देतेय. त्याच्या आडून तोफा आणि बंदुका चालणार आहेत.

गुरुवार

आजचा दिवस वाईट. तिसऱ्या घराला काळा अस्तररंग द्यायला फवाऱ्याचा डबा वापरला. माती थापताना मागच्या भिंतीचा एक कोपरा उघडा राहिला होता, तो लक्षात आला नाही. फवाऱ्यातल्या द्रावकाने फोम खाल्ला. अक्षरशः डोळ्यांदेखत भिंत आतून पोकळ होत गेली आणि वरची मातीची साल तेवढी उरली. हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट आहे: फोमवर आधी ब्रशने डिंक आणि पाण्यातला रंग, फवारा त्यानंतर. घाई केली, दुसरं काही नाही.

ते घर टाकलं नाही, बाजूला ठेवलं.

शुक्रवार

आज रंग. इथे 'हिंदुस्थान' म्हटलं की जमीन पिवळी-तपकिरी, वाळूसारखी रंगवतात. मी काळी केली. अगदी काळी नाही, काळ्यात थोडा तांबूस, वर कोरड्या ब्रशने करडा हात. भेगा सुईने ओढल्या. क्लबातले एक निवृत्त इतिहासशिक्षक, ज्यांच्याकडे इंग्रजांच्या बाजूची ७४ वी हायलँडर पलटण आहे, त्यांनी फोटो पाहून विचारलं, "एवढी काळी?" मी त्यांना कापसाच्या जमिनीबद्दल सांगायला लागले आणि अर्धा तास थांबले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग माझ्या माणसांच्या बुटांना चिखल कुठल्या रंगाचा लावू?" त्यांच्यासाठी डबीत थोडा रंग काढून ठेवला आहे.

गवताचं अवघड गेलं. पावसाळ्यात माळवदावर गवत उगवतं, हे मी स्वतः पाहिलेलं. सप्टेंबरची २३ म्हणजे छपरं हिरवी हवीत. पण १८०३-०४ मध्ये दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, आणि फौजांच्या येण्याजाण्याने झालेली नासधूस त्यात भर घालत होती. मग हिरवं किती आणि वाळकं किती? दोन घरांवर थोडं हिरवं लावलं, टोकं पिवळी केली. बाकीच्यांवर विरळ, करपलेलं. शेतात ज्वारी आहे पण अंगठ्याएवढ्या अंतरावर एक ताट. चाळून वाळवलेला चहाचा चोथा पाचोळा म्हणून टाकला.

शनिवार

मामाला फोन केला. सवणं नेमकं कुठे असायचं हे विचारायला केला होता, चुलीच्या बरोबर वर की बाजूला. मामा म्हणाला, "थोडं बाजूला गं. नाहीतर पावसाचं पाणी थेट चुलीत पडंल की." बरोबर आहे. फरशीचा दगड ठेवून झाकायचे तेही त्याने सांगितलं. मग त्याने विचारलं, काय करतेयस एवढं? मी सांगितलं. असई त्याला माहीत आहे, त्या बाजूला त्याची सोयरीक आहे.

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "लढाई झाली तवा गावातली माणसं कुठं गेली व्हती?"

मी दारात दोन घागरी ठेवल्या होत्या. एका ओट्यावर सूप. गोठ्यात गाय, ती तर मी खास मागवली होती. शिंद्यांची आणि भोसल्यांची फौज त्या दोन नद्यांच्या मधे तळ देऊन होती. एकूण संख्या पन्नास हजारांपर्यंत सांगतात, त्यात पोलमान या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखालची कवायती पायदळं दहा हजारांवर, आणि शंभराच्या आसपास तोफा. एवढ्या माणसांना आणि जनावरांना रोज दाणा लागतो, कडबा लागतो, सरपण लागतं. अशा गावात दारात घागरी राहतील?

"मामा, तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"जनावरं घेऊन निघून गेली असतील. आणि मागं माळवद कोणी ठेवतंय व्हय? लाकूड असतंय त्यात. चांगल्या तुळया."

रविवार

घागरी काढल्या. सूप काढलं. गाय डब्यात परत.

आणि फवाऱ्याने खाल्लेलं तिसरं घर पुन्हा हातात घेतलं. मागची भिंत नव्याने केली, पण छप्पर पुन्हा झाकलं नाही. अर्ध्या भागावरची माती उकरलेली दाखवली, पाचट विस्कटलेलं, किलचा अस्ताव्यस्त. पाच खणांतल्या दोन खणांवरच्या तुळया काढून घेतलेल्या. भिंतीत तुळईची जी बेचकी असते ती रिकामी. कॉफी ढवळायच्या काड्या उभ्या चिरून किलचा केल्या आणि काळ्या चहात भिजवल्या, म्हणजे धुराने काळवंडलेल्या दिसतात. संध्याकाळपासून रात्री दीडपर्यंत बसले होते. आजवर केलेल्या सगळ्या घरांत हे एक घर मला सगळ्यांत जवळचं वाटतं.

आमच्या नियमांत घराची एकच किंमत असते: आडोसा. मातीचं घर असेल तर दाट आडोसा, गोळी लागण्याची शक्यता अमुक इतकी कमी. या उघड्या घराला काय किंमत द्यायची ते क्लबात ठरवावं लागेल. मी तर म्हणेन अर्धी.

गुरुवार

तीन दिवस लिहिलं नाही. गावकूस झालं. पुठ्ठ्याच्या पायाला एकाच बाजूने डिंक लावला की तो वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लावून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवला. सरळ राहिला.

टेबलाच्या पूर्वेच्या कडेला आणखी दोन छोटी गावं आहेत, त्यांना प्रत्येकी दोनच घरं दिली. पण ती दोन गावं नसती तर ही लढाई अशी झालीच नसती. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास नदी ओलांडायला उतार नाही. त्याने पाहिलं की केळणेच्या अलीकडच्या काठावर पिंपळगाव आणि त्याच्या बरोबर समोर पलीकडच्या काठावर दुसरं गाव आहे, इंग्रजी नोंदींत त्याला वारूर म्हटलंय. दोन गावं नदीच्या दोन काठांवर इतकी समोरासमोर असतील तर लोकांची येजा असणार, आणि येजा असेल तर उतार असणार. तो होताच. तिथून तो पलीकडे गेला. माणसं एकमेकांकडे विस्तव मागायला, लग्नाला, बाजाराला जात असतील त्या वाटेने तोफा गेल्या. क्लबात बहुतेक जण हे वेलस्लीच्या हुशारीचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि ती होतीच. मला मात्र ती घरं करताना सारखी ती वाट दिसत होती. नदीत उतरणारी पायवाट ब्रशने नव्हे, बोटाने ओढली.

शुक्रवार, रात्र

उद्या डाव. सगळं खोक्यांत भरण्याआधी टेबलावर मांडून फोटो काढले आणि मामाला पाठवले.

डाव कसा होईल ते जवळजवळ ठरलेलं आहे. मराठी फौज दक्षिणेला केळणेकडे तोंड करून होती, वेलस्ली पूर्वेकडून आला म्हटल्यावर ती सबंध रांग वळून पूर्वेला तोंड करून उभी राहिली. एवढ्या मोठ्या फौजेने लढाईच्या तोंडावर हे करणं सोपं नव्हतं, आणि पोलमानच्या पलटणींनी ते केलं. डाव्या टोकाला असई. इंग्रजांच्या उजवीकडची तुकडी भरकटून थेट गावावर आली आणि तिच्यामागोमाग ७४ वी. तिथे त्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. वेलस्लीची त्या दिवशीची हानी १,५८४ माणसांची, त्यात ४२८ मृत. मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या.

मामाचं उत्तर साडेदहाला आलं, म्हणजे तिकडे पहाटेच उठून त्याने फोटो पाहिले असणार. आवाजात बोलून पाठवलंय. "लई भारी झालंय ताई. ते उघडं माळवद तर अगदी खरं वाटतंय. पण दोन घरांची दारं दक्षिणेला केलीस तू. दक्षिणेला दार कोणी करत नाही बघ. आपल्या घराचं कुठं व्हतं, आठव."

आठवलं. सकाळचं ऊन उंबऱ्यावरून आत यायचं, थेट जात्यापर्यंत.

घरं पायाला चिकटवलेली नव्हती, बरं झालं. एक उत्तरेला फिरवलं, गल्लीत तोंड करून. दुसरं, ते उघड्या छपराचं, पूर्वेला. त्याच्या दारापासून गावकुसाच्या खिंडारापर्यंत सरळ रेघ आली आणि खिंडारातून पुढे मोकळं रान. उद्या ७४ वी तिथूनच येणार. शिक्षकांच्या डबीतला काळा रंग त्यांनी आज नेला.