पाच मिनिटांच्या मंचावरून संकलनकक्षापर्यंत

सात वर्षे स्टँड-अप केल्यानंतर मी रिअ‍ॅलिटी शोच्या निर्मितीत आलो आणि आज तेच माझे पूर्णवेळ काम आहे. ओपन माइकला, म्हणजे कोणालाही मंच खुला असलेल्या कार्यक्रमात, नवख्या कलाकाराला साधारण पाच मिनिटे मिळतात. चौथे मिनिट सरताना सभागृहाच्या मागून दिवा दाखवला जातो आणि उरलेल्या वेळात आपला सर्वांत पक्का विनोद बसवून खाली उतरायचे असते. त्या दिव्याची शिस्त मी मनापासून पाळली. पुढे मोठे कार्यक्रम मिळू लागले, पण दोन कार्यक्रमांच्या मधले आठवडे रिकामे जात, म्हणून मी एका स्पर्धात्मक कार्यक्रमाच्या चित्रीकरणात वॉर्म-अपचे काम घेतले.

दिवे बदलेपर्यंत, कॅमेरे हलवेपर्यंत किंवा परीक्षकांचा मेकअप नीट होईपर्यंत प्रेक्षक ताजेतवाने ठेवणे, एवढेच ते काम असते. महिनाभराने कार्यक्रम प्रसारित झाला तेव्हा पहिल्याच भागात मला तिसऱ्या रांगेतल्या एक बाई खळखळून हसताना दिसल्या. त्या माझ्या एका किश्श्यावर हसल्या होत्या, हे मला पक्के आठवत होते. पडद्यावर मात्र त्या एका स्पर्धकाच्या विनोदावर हसत होत्या. जागा इतकी अचूक निवडली होती, की हसू तिथलेच वाटत होते. आधी मला राग आला, पण नंतर कित्येक दिवस मी त्या जोडणीचाच विचार करत राहिलो. मंचावर सेटअप (विनोदाची बांधणी) आणि पंच (हशाची ओळ) यांच्यामध्ये मी जे करत होतो, तेच इथे कोणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून करत होते, आणि मला ते शिकायचे होते.

सुरुवात लॉगरच्या कामाने झाली, म्हणजे उतरंडीच्या तळापासून. आठ कॅमेरे रोज दहा तास चालले की एका दिवसाचे ऐंशी तासांचे फुटेज जमते आणि त्यातून चव्वेचाळीस मिनिटांचा भाग उभा करायचा असतो. ते फुटेज बघून टाइमकोडसह नोंदी करायच्या: ‘०४:१२:३७, ती पत्र वाचते, उत्तर देत नाही, पत्राची घडी घालते.’ अशा नोंदी मी जवळपास वर्षभर लिहिल्या. हे काम रटाळ असल्याचे अनेक जण सांगतात, पण मला तसे कधीच वाटले नाही. विनोदकाराला माणसांचे बारकावे टिपायची सवय असतेच. फरक इतकाच, की इथे टिपलेल्या बारकाव्यावर स्वतःचे मत जोडायचे नसते. ‘ती चिडते’ असे लिहिले की वरिष्ठ माझी नोंद परत पाठवत आणि विचारत, चिडल्याचे तुला कशावरून दिसले ते लिही.

त्यानंतर मी स्टोरी टीममध्ये गेलो. तिथे मुलाखतींचे ट्रान्सक्रिप्ट वाचून आधी कागदावर भाग रचायचा असतो, ज्याला पेपर एडिट म्हणतात, आणि संकलक त्यावरून रफ कट, म्हणजे भागाचा पहिला कच्चा आराखडा, बांधतो. माझा हात लवकर बसला, आणि त्या आत्मविश्वासातच माझ्याकडून ती चूक झाली, जिच्यामुळे माझी कामाची पद्धत कायमची बदलली. एक स्पर्धक मुलाखतीत म्हणाली होती, “मला तिचा राग येतो असं सगळ्यांना वाटतं, पण तसं काही नाहीये.” मी त्यातले “मला तिचा राग येतो” एवढेच ठेवले आणि लगेच पुढे दुसऱ्या स्पर्धकाचे, दोन दिवस आधीच्या प्रसंगातले हसू लावले. रफ कट बघताना खोलीतले सगळे हसले. ते हसू मला ओळखीचे होते आणि म्हणून मला ते पावती वाटले.

भाग प्रसारित झाल्यावर तिचा फोन आला. ती ओरडली नाही. तिने विचारले, “सर, मी हे एवढंच बोलले होते का?” ट्रान्सक्रिप्ट माझ्यासमोरच्या टेबलावर होते. मी तिला पूर्ण वाक्य वाचून दाखवले आणि माफी मागितली. पुनःप्रसारणात दुरुस्ती करावी असा आग्रह मी वरिष्ठांकडे धरला, पण करारात निर्मात्याला संकलनाचे पूर्ण अधिकार आहेत, या उत्तरावर विषय मिटवण्यात आला. करारात तसे होते, हे खरे. अशा कार्यक्रमांच्या बहुतेक संमतीपत्रांत ते असतेच. पण स्टँड-अप करताना मी ज्याच्यावर बोलत होतो तो माणूस समोर बसलेला असे, त्याला उत्तर देता येत असे, आणि त्याचा चेहरा पडला तर मला ते तिथल्या तिथे दिसत असे. संकलनकक्षात तो माणूस नसतो.

तेव्हा मी या क्षेत्राचा इतिहास गंभीरपणे वाचू लागलो. अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजूषांचे निकाल आधीच ठरवल्याचे उघड झाले आणि १९६० मध्ये तिथल्या दळणवळण कायद्यात दुरुस्ती होऊन, प्रेक्षकांना फसवण्यासाठी ज्ञानाच्या, कौशल्याच्या किंवा नशिबाच्या स्पर्धेत अशी हातचलाखी करणे गुन्हा ठरले. पण ती तरतूद स्पर्धेपुरती आहे. वाक्ये तोडून जोडण्याला या धंद्यात ‘फ्रँकनबाइट’ असे नाव पडलेले आहे, आणि त्याची मर्यादा प्रत्येक टीमला स्वतःच आखावी लागते. अ‍ॅलन फंट यांच्या ‘कँडिड कॅमेरा’त, म्हणजे १९४८ पासूनच्या त्या छुप्या कॅमेऱ्याच्या खेळात, शेवटी त्या माणसाला कॅमेरा कुठे आहे ते सांगितले जाई. मला ती पद्धत फार महत्त्वाची वाटते. मी स्वतःपुरता नियम केला: पेपर एडिटमध्ये कापलेल्या प्रत्येक बाइटशेजारी (म्हणजे मुलाखतीतल्या बोलण्याच्या तुकड्याशेजारी) मूळ वाक्य संपूर्ण लिहायचे, आणि प्रतिक्रियेच्या प्रत्येक शॉटशेजारी तो कोणत्या प्रसंगातला आहे ते. याने काम वाढते, संकलक सुरुवातीला कुरकुरतात, पण काय गमावले जात आहे हे सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते.

पुढची दोन वर्षे मी फील्ड प्रोड्युसर म्हणून मुलाखती घेतल्या. प्रश्न नंतर कापला जातो, म्हणून समोरच्याला प्रश्न उत्तरात घेऊन पूर्ण वाक्यात बोलायला सांगावे लागते. तंत्र म्हणावे तर एवढेच. खरा त्रास मला शांततेचा झाला. मंचावर शांतता पसरली की विनोदकाराच्या पोटात गोळा येतो आणि तो काहीतरी बोलून ती भरून काढतो. मुलाखतीत मीही तेच करत होतो, त्यामुळे माणसे नेमकी बोलायच्या बेतात असताना मी पुढचा प्रश्न टाकत असे. मग मी मनात सातपर्यंत मोजू लागलो. चांगली उत्तरे बहुतेक वेळा पाचनंतर आली.

पुढे स्वतःचा फॉरमॅट, म्हणजे नव्या कार्यक्रमाचा आराखडा, विकताना तीन ठिकाणी नकार मिळाला. नुसत्या कल्पनेला बाजारात वजन नसते. नियम, भागांची रचना, निवडीचे निकष, अंदाजपत्रक असे सगळे लिहून काढावे लागते. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेला ‘बिग ब्रदर’ देशोदेशी गेला तोही अशाच बांधीव आराखड्यामुळे. विनोदकारांची स्पर्धा ही कल्पना तर जुनीच होती. अमेरिकेतला ‘लास्ट कॉमिक स्टँडिंग’ २००३ मध्येच आला होता. माझ्या आराखड्यात पन्नाशी ओलांडलेली, कधीही मंचावर न गेलेली माणसे होती, आणि चित्रीकरणाआधी व प्रसारणानंतर समुपदेशकाशी भेट हा अंदाजपत्रकातला स्वतंत्र खर्च होता. चौथ्या ठिकाणी आठ भाग मंजूर झाले.

तिसऱ्या भागात एक स्पर्धक बोलता बोलता थांबल्या. पुढचा शब्द आठवेना. अकरा सेकंद त्या माइक दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या, आणि मग विसरण्यावरच बोलू लागल्या. संकलकाने त्या जागी परीक्षकांचे हसू सुचवले. वाहिनीला ती जागा चार सेकंदांवर हवी होती. परीक्षक तेव्हा हसले नव्हते, हे मी नोंदी पुढे ठेवून दाखवले, आणि दोन दिवसांच्या चर्चेनंतर नऊ सेकंद राहिली. प्रसारणाच्या आदल्या रात्री मी त्या स्पर्धक बाईंना फोन करून ते सांगितले.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मीही काही बोललो नाही.

“सर, त्याच्यानंतर मी जे बोलले, ते आहे ना?”

“आहे, ताई. पूर्ण आहे.”