हिमोढाची माती, मुरुमाचा अर्ज

कामाचे नाव, कंत्राटदाराचे नाव, करारनामा क्रमांक, साखळी क्रमांक. सरकारी लॅबमधल्या माती तपासणीच्या अर्जातले हे चार रकाने; साखळी क्रमांक म्हणजे रस्त्यावरचं नेमकं ठिकाण. रस्त्याच्या भरावाचा मुरूम घेऊन येणारा माणूस ते खिडकीशी उभ्या उभ्या भरतो. मी चंद्रतालकडच्या हिमनदीचा गाळ घेऊन गेलो होतो. मला फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते एप्रिल अखेर एवढा वेळ लागला. नागपुरात बसून हिमालयातल्या तळ्याकाठच्या हिमयुगीन गाळाचं कणमापन (कोणत्या आकाराचे कण किती ते मोजणं) ज्यांना करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा सांभाळून वाचा.

नमुने आणणं त्या मानाने सोपं. चंद्रताल हे तळं हिमाचलच्या लाहौल-स्पितीत, कुंझुम खिंडीजवळ, ४,२०० मीटरच्या वर आहे. रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर उघडा असतो. तळं २००५ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि अभयारण्यही आहे, म्हणून त्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय खुरपंही लावू नका. हद्दीबाहेर, खाली चंद्रा नदीच्या खोऱ्यात, रस्त्यासाठी कापलेल्या उतारांत हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेली माती-दगडांची सरमिसळ, उघडा पडलेला दिसतो. याच खोऱ्यात हिमनद्यांच्या विस्ताराचा बातल टप्पा ओळखला गेलाय, त्याचं वय सुमारे १५,५०० ते १२,००० वर्षं.

फसायला होतं ते इथे. कापलेल्या उतारावर वरून घसरलेला मलबा आणि खरा हिमोढ लांबून सारखेच दिसतात. दोन्हींत बारीक पीठ, वाळू आणि दगड एकत्र कालवलेले. आधी किमान फूटभर आत खरवडा. मग दगड धुऊन पाहा : एखादी बाजू घासून सपाट झालेली, तिच्यावर समांतर ओरखडे, असे काही दगड सापडले पाहिजेत. त्यानंतर ५० लांबट दगडांच्या लांब अक्षाची दिशा आणि कल मोजा. लांबी रुंदीच्या दीडपट तरी असलेलेच दगड घ्या, गोटे मोजण्यात अर्थ नाही. अक्ष एका दिशेभोवती जमले आणि ती दिशा दरीत बर्फ ज्या अंगाने सरकला असेल तिच्याशी जुळली, तरच हिमोढ म्हणा.

किती माती आणायची हे माती तपासणीच्या भारतीय मानकात, आयएस २७२० च्या भाग ४ मध्ये (१९८५) कोष्टकात दिलंय. सर्वांत मोठे दगड १९ मिमीचे असतील तर साडेसहा किलो, ४० मिमीचे असतील तर २५ किलो. पंचवीस किलोची एकेक पिशवी मनालीहून नागपूरला आणणं हमालाच्या जिवावर येतं. म्हणून जागेवरच १९ मिमीच्या चाळणीने मोठे दगड वेगळे काढा, ताणकाट्यावर त्यांचं वजन करून वहीत लिहा आणि दगड तिथेच सोडा. बाकीचे सात किलो आणा. तळ्यात साचलेला पातळ थरांचा गाळ मात्र कधीच खरवडून भरू नका. त्याचा चौकोनी ठोकळा कापून प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळा आणि वरच्या बाजूला बाण काढा. थरांमध्ये एखादा खडा अडकलेला दिसला तर तो काढू नका. तरंगत्या बर्फातून सुटून तळाशी पडलेला खडा असू शकतो, आणि तो कशात रुतलाय, त्याखालचे थर दबलेत का, हाच तर पुरावा.

आता अर्ज.

खिडकीवर पहिला प्रश्न आला, ‘कोणत्या साइटचा मुरूम हाय?’ मुरूम नाही म्हटल्यावर, ‘मग काळी माती?’ तिसरा पर्याय त्यांच्या यादीत नव्हता. हिमनदीचा गाळ, तळ्याजवळचा, असं मी सांगितलं आणि तिथेच चुकलो. ‘तळ्याजवळचा’ ऐकल्यावर माझं काम तलावाचं ठरलं आणि पाटबंधाऱ्याचं पत्र आणायला सांगण्यात आलं. तळं हिमाचलात आहे हे पटवण्यात एक आठवडा गेला. विभागप्रमुखांचं पत्र आणलं तर पदनाम चुकलेलं. ते दुरुस्त केलं तर शुल्क शासकीय दराने घ्यायचं की खाजगी, यावर कागद आतल्या खोलीत गेला. तोवर मार्च उजाडला. मार्चमध्ये बिलं काढण्यासाठी सगळ्या कंत्राटदारांना चाचणी अहवाल लागतात, त्यामुळे एक तारखेपासून एकतीसपर्यंत तिथे मुरुमाच्या गोण्यांशिवाय काहीही आत जात नाही. माझ्या पिशव्या बाकाखाली. एकदा तर त्यांवर कुणीतरी डबा ठेवून जेवत होतं.

एका बाबूने मनापासून विचारलं होतं, ‘नागपुरात बर्फाचं काय काम?’ प्रश्न वाईट नाही. विदर्भातल्या बर्फाचा पुरावा आहे, पण तो तीस कोटी वर्षांच्या आसपासचा. चंद्रपूर भागात पैनगंगेकाठी इरईला चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत, भूशास्त्रज्ञ फेडन यांनी १८७५ मध्ये त्यावर लिहिलं. पण तिथला त्या काळातला हिमनदीचा गाळ, तालचीरचा गोटेथर, कधीचाच दगड झालाय. तो फोडून हायड्रोमीटरच्या (गढूळ पाण्याची घनता दाखवणारी तरंगती काचनळी) जारमध्ये घालता येत नाही, त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीच बघावे लागतात. सैल, अजून माती असलेला हिमोढ हवा तर हिमालयच गाठावा लागतो. हे सगळं मी खिडकीवर सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका, रांग चिडते.

शेवटी अर्ज कसा गेला ते लिहून ठेवा. कामाचे नाव : ‘पदव्युत्तर प्रबंध’. कंत्राटदार : ‘लागू नाही’. करारनामा क्रमांक : ‘लागू नाही’. इथे नुसती रेघ मारली तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो, दोन अक्षरी ‘लागू’ आणि दोन अक्षरी ‘नाही’ लिहिलं की तोच अर्ज पूर्ण होतो. साखळी क्रमांकाच्या जागी अक्षांश-रेखांश लिहा, आकडे दिसले की कुणी हरकत घेत नाही. मातीचा प्रकार : ‘सिल्टी ग्रॅव्हल’. ‘हिमनदी’, ‘तळं’, ‘हिमयुग’ हे शब्द अर्जात कुठेही नकोत. विभागाच्या पत्रात पाच गोष्टी हव्यात : चाचणीचं नाव आयएस क्रमांक आणि भागासकट, नमुन्यांची संख्या, वजन, पैसे कोण भरणार, आणि उरलेली माती परत हवी का. आणि जायचं ते पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये. कामं थंडावलेली असतात, लॅबमधले लोक चहा पाजतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायलाही बसलो नसतो. पण अर्जापायी चाचणी फेब्रुवारीतून मेमध्ये ढकलली गेली आणि त्याने ती बिघडलीच.

हायड्रोमीटरची पद्धत पाण्याच्या तापमानावर चालते. आयएसचा हायड्रोमीटर २७ अंशांना जुळवलेला असतो. फेब्रुवारीत नागपुरात खोलीतलं पाणी त्याच्या आसपास असतं. मेमध्ये बाहेर ४५, आत कूलर, आणि जारमधलं पाणी दुपारी ३६. याने दोन चुका होतात आणि दोन्ही एकाच दिशेने. पहिली, गरम पाणी पातळ होतं, कण लवकर बसतात. दोन मायक्रॉनचा (चिकणमातीतला सर्वांत मोठा) कण दहा सेंटिमीटर खाली जायला २७ अंशांना सुमारे साडेसहा तास घेतो, ३६ अंशांना साडेपाच. दुसरी चूक मोठी. गरम पाण्याची घनताही कमी होते आणि हायड्रोमीटर जवळजवळ तीन आकड्यांनी खाली बसतो. पन्नास ग्रॅम माती पूर्ण तरंगत असताना आकडा ३१ च्या आसपास असतो. म्हणजे तीन आकड्यांची चूक हा नऊ टक्क्यांचा फरक. काळ्या मातीत निम्म्याहून जास्त चिकणमाती असली तर नऊ टक्के कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. हिमोढात मुळातच चिकणमाती थोडी, कारण हिमनदी खडक दळते, कुजवत नाही. दळताना क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार सिल्टच्या (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड) आकारापर्यंत येतात आणि बहुतेक तिथेच थांबतात. अशा नमुन्यात नऊ टक्के वजा केले की उत्तर शून्याखाली जातं. माझ्या अहवालात चिकणमातीपुढे ‘निरंक’ लिहून आलं. उणे आकडा आला असणार आणि कुणीतरी तो सभ्यपणे पुसला.

उपाय स्वस्त आहे. दोन जार लावा. एकात माती, दुसऱ्यात तेवढंच कॅल्गॉनचं (कण सुटे ठेवणारं हेक्सामेटाफॉस्फेट) द्रावण घातलेलं पण माती नसलेलं पाणी. दोन्ही एकाच मोठ्या टबातल्या पाण्यात उभे करा. मातीच्या जारचा आकडा घेतला की लगेच दुसऱ्या जारचा घ्या आणि वजा करा. दोन्हींत हायड्रोमीटरच्या दांडीवर चढलेल्या पाण्याच्या कडेची वरची रेघच वाचा, म्हणजे तापमान, कॅल्गॉन आणि पाण्याची चढलेली कड, तिन्हींचा हिशेब एका वजाबाकीत उरकतो. टब कूलरच्या झोतात नको आणि कूलर ठेवलेल्या टेबलावर तर मुळीच नको, त्याची थरथर गाळाला उतरते. तापमान प्रत्येक वाचनाला लिहून घ्या. कणांचा आकार काढताना त्या तापमानाची श्यानता (पाण्याचा दाटपणा) वापरा, कोष्टकातली २७ अंशांची नव्हे.

सकाळी बरोब्बर अकराला सुरू करा. अर्धा, एक, दोन, चार मिनिटांची वाचनं हायड्रोमीटर न काढता. मग आठ, पंधरा, तीस मिनिटं, बाराला एक तासाचं, एकला दोन तासांचं, तीनला चार तासांचं, आणि दुसऱ्या दिवशी अकराला चोवीस तासांचं. बाराला सुरू केलंत तर दोन तासांचं वाचन जेवणाच्या सुट्टीत अडकतं आणि मग वहीत अंदाजाने भरलं जातं. शुक्रवारी सुरूच करू नका. पाच दिवसांचा आठवडा आहे, चोवीस तासांचं वाचन शनिवारी घ्यायला कुणी येत नाही.

आता आधीच सांगायला हवं होतं ते. नमुना पिशवीसकट लॅबच्या हवाली करू नका. तिथे ढेकळं फोडायला लोखंडी दस्ता असतो. काळ्या मातीला तो चालतो. हिमोढातले अभ्रकाचे आणि शिस्टचे कुजके दगड त्याखाली पिठासारखे होतात आणि बर्फाने दळलेलं पीठ कोणतं, आपल्या दस्त्याने दळलेलं कोणतं, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. रबर लावलेला दस्ता वापरा किंवा नुसतं भिजवा. चाळणही ओली करायची : लिटरमागे दोन ग्रॅम हेक्सामेटाफॉस्फेट घातलेल्या पाण्यात माती भिजवून ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर, खालचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कोरड्या चाळणीत पीठ दगडांना चिकटून वरच राहतं आणि सिल्टचा आकडा हास्यास्पद येतो. एवढं सगळं आपल्या विभागात करून, खालचा भाग सुकवून, त्यातले पन्नास ग्रॅम मोजून फक्त हायड्रोमीटरसाठी द्या.

आम्लाचं विसरत होतो. नागपूरच्या मातीत चुन्याचे खडे असतात, म्हणून इथे सवयीने हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतात. हिमनदीच्या वाटेत चुनखडक असेल तर त्याचं पीठ हाच गाळाचा भाग, आम्ल तोच खाऊन टाकतं. आधी एक थेंब टाकून बघा. फसफसला तर ‘आम्लप्रक्रिया नको’ असं पत्रात लिहून द्या, तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

द्रावण ताजं हवं : ३३ ग्रॅम हेक्सामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात, त्यातले १०० मिलि एका जारला. महिन्यापेक्षा जुनं झालं की त्याची ताकद जाते. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बरोबरच न्या. तिथला संपला की बोअरचं पाणी वापरतात आणि त्यातल्या कॅल्शियममुळे कण गुठळ्या करून खाली बसतात. तासाभरात जारचा वरचा भाग नितळ झाला आणि तळाशी कापसासारखा थर दिसला की ती चाचणी फेकून द्या.

अहवालासोबत आलेख देतात. तो घेऊ नका म्हणत नाही, पण वाचनांच्या वहीचं पानही मागून घ्या. माझा ‘निरंक’ त्या पानावरूनच पकडला गेला, आणि त्याच आकड्यांवरून दुरुस्ती करून चिकणमाती परत मिळाली. फेरचाचणीचे पैसे वाचले. उरलेली माती परत हवी असल्याचं पत्रात मी लिहिलं नव्हतं. जूनमध्ये गेलो तेव्हा गेटजवळच्या खड्ड्यात भर टाकलेली होती आणि त्यात एका बाजूने सपाट घासलेला, समांतर ओरखड्यांचा एक दगड वर आला होता. तो उचलून आणला, धुतला, क्रमांक टाकला.