अठरानंतरचं पहिलं वर्ष

ठाणे, रविवार रात्र

उपचारात्मक निवासगृहातून, म्हणजे मनावर आघात झालेल्या मुलांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेतून, बाहेर पडलेल्या मुलांबद्दल सारखं कानावर येतं, ‘पोरगं कुठे टिकतच नाही.’ मला हे पटत नाही. भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर एकदा खेकसतो, मुलगा त्याच पावली चालू पडतो, भरलेल्या दिवसांचा पगारही मागायला जात नाही. लहानपणी वारंवार हाकलला गेलेला मुलगा हाकलायच्या आतच निघायला शिकलेला असतो. संस्थेत त्याने ताट भिरकावलं, तरी सकाळी त्याच ताई नाश्त्याला हाक मारायच्या. खरा उपचार तो होता, आणि अठरा पूर्ण होताच नेमका तोच थांबतो.

कायद्यात सोय आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 46 नुसार संस्था सोडणाऱ्याला आर्थिक मदत मिळू शकते, नियमांनुसार वयाच्या 21 पर्यंत, अपवाद म्हणून 23 पर्यंत. नियमांत 6 ते 8 जणांच्या गटघरांची तरतूद आहे, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत महिना 4000 रुपयांची. संस्था सोडण्याच्या 2 महिने आधी पुढचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, जायला हवा. माझ्या मते 2 महिने फारच अपुरे.

कारण कागद. आधारला नंबर अधीक्षकांचा, त्यामुळे ओटीपी त्यांच्याकडे. अल्पवयीन खातं नव्याने केवायसी आणि सही दिल्याशिवाय चालत नाही, पगार अडकतो. आधी स्वतःच्या नावाचं सिम, मग आधारला तो नंबर, मग बँक. क्रम उलटला की हेलपाटे. अनाथांच्या 1 टक्का आरक्षणाचा आधार सगळ्यांना नाही. आई किंवा वडील हयात असतील तर त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही, मग घरी पाय ठेवणं अशक्य असलं तरी.

मानसोपचाराच्या औषधांचं तर फारच हलगर्जीपणे होतं. फाइल संस्थेत राहते, गोळ्या संपतात, झोप उडते, चिडचिड वाढते, आणि पुन्हा नोकरी जाते. निघताना डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, महिनाभराच्या गोळ्या आणि मोठ्यांच्या मानसोपचार ओपीडीची ठरलेली तारीख हातात हवी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही फोनमध्ये हवा.

आणि एक ओळखीचा माणूस हवा, निदान वर्षभर. सुरुवातीला दर आठवड्याला फोन, पहिल्या पगाराच्या दिवशी नक्की. दिवाळीत घणसोलीला भाड्याच्या खोलीत त्याच्यासोबत राहणारे बाकीचे गावी जातात, मेसही बंद असते. त्या दिवसांच्या जेवणाचं आधीच बोलून ठेवावं, त्याने मागायची वाट बघू नये.