आधी टोपी काढायची

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांनी गॅरेज टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे पान्यांचा डबा, फट मोजायचं फीलर गेज आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प. गिऱ्हाईक म्हणजे फौंड्रीवाल्यांच्या अम्बॅसडर आणि शेतकऱ्यांच्या पेट्रोल जीप.

डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या भागाला, आम्ही डेल्को म्हणतो. वर टोपी, तिच्यात प्लगच्या वायरी आणि आत फिरणारा रोटर. हे खरं तर एका अमेरिकन कंपनीचं नाव, पण डालडासारखं वस्तूलाच चिकटलं. अम्बॅसडरवर लुकासचा बसलेला असला तरी तो डेल्कोच!

माझी पहिली मोठी चूक याच डेल्कोवर झाली. एक अम्बॅसडर दुपारी लग्नाला जायची होती, प्लगच्या वायरी नव्या टाकायच्या होत्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 मला पाठ होती. एक नंबरपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे लावत गेलो. सेल्फ मारला, तर इंजिन धड चालू होईना, धड गप्प बसेना. कार्बोरेटरमधून बार निघायला लागले. तासभर मी प्लगच बदलत बसलो. शेवटी आबा आले. “टोपी काढून रोटर कुठल्या अंगाला फिरतोय, ते बघितलंस काय?”

नव्हतं बघितलं. अम्बॅसडरचा रोटर वरून पाहिला तर काट्यांच्या उलट फिरतो. वायरी भलत्या दिशेने लावल्या तरी 1 आणि 4 टोपीत समोरासमोर असल्याने बरोबर पडतात, अदलाबदल होते ती फक्त 3 आणि 2 ची. म्हणून इंजिन अर्धवट बोलतं आणि मेस्त्री फसतो. सगळंच चुकलं असतं तर मला लवकर कळलं असतं.

तेव्हापासून गॅरेजात वायरीला हात लावण्याआधी टोपी निघते. हॅन्डल मारून रोटर बघायचा. मग एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत डेल्कोची एकच फेरी होते, त्यामुळे टायमिंगची खूण दोनदा जुळते. त्यातली दाबलेल्या हवेनं अंगठा ढकलणारी तेवढी खरी, दुसरी एग्झॉस्टची. टायमिंग ॲडव्हान्स करायचं, म्हणजे ठिणगी लवकर पाडायची, तर डेल्कोची बॉडी रोटरच्या उलट दिशेला फिरवायची. म्हणजे इथंही दिशा माहीत पाहिजेच.

मारुतीत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं आणि आमचा धंदा बसला. कर्ज काढून गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला. आबांनी त्याला कधी हात लावला नाही. आज घर त्या स्कॅनरवरच चालतं, ते नाकारून कसं चालेल? पण डेल्कोतल्या पॉइंटची गॅप बसवणारे हात कमी झाले, तशी सांगली-बेळगावची शौकीन मंडळी जुन्या गाड्या घेऊन यायला लागली. 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी सुरू झाली, तेव्हापासून जरा जास्तच. पावसाळ्यात तर आमची चंगळ असते. टोपीला केसाएवढी चीर आणि आत ओल असली की करंट प्लगकडे न जाता तिथूनच पळतो. रात्री दिवे घालवून बॉनेट उघडायचं, निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

गेल्या महिन्यात एक जुनी फोक्सवॅगन बीटल आली. अम्बॅसडर आणि जीपवर शिकलेल्या आमच्या पोरानं तिची 1-4-3-2 ऑर्डर बरोबर शोधली आणि सवयीनं वायरी काट्यांच्या उलट लावल्या. जीपचाही रोटर उलटाच फिरतो, त्यामुळे त्याला शंकाच आली नाही. बीटलचा मात्र सुलटा. गाडी खोकत होती, पोरगा प्लग काढून घासत होता. मी काही बोललो नाही. टोपी काढून त्याच्या हातात दिली आणि इंजिन फिरवायला मागच्या पुलीला पाना लावला.